मिराशीला इंग्रजीत काय म्हणावे?

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. शाळा सुटली होती. बाहेर आमच्याकडचा तो चार-चार दिवस उसंत न घेणारा पाऊस लागला होता आणि मी ऑफिसात दहावीच्या मुलांचे परीक्षेचे अर्ज तपासत बसलो होतो. शिपाई आत येऊन म्हणाला, "सर, कोण तरी म्हातारं आलंय. उद्या या म्हटलं तर जाईना."

आत आले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील. वय ऐंशीच्या पुढे. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेले, पण काखेतली पिशवी कोरडी. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, आणि अगदी आत कागद. "बसा, आप्पा," म्हटले, तर बसण्याआधी त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवले. "हे तेवढं वाचून बघा की ओ, सर. इंग्रजीत आमाला काय म्हटलंय ते सांगा."

कागद तीन होते. पहिला जुना, मोडीतला, कडा वाळवीने खाल्लेल्या. ते मिरासपत्र होते. आप्पांचे घराणे मूळचे कऱ्हाडकडचे. चार पिढ्यांमागे एक शाखा इकडे सरहद्दीवर येऊन राहिली. तिकडच्या भाऊबंदांत जमिनीचा तंटा लागला होता आणि तो चढत चढत वरच्या कोर्टात गेला होता. दुसरा कागद म्हणजे त्या मोडीचे कोणा जाणकाराने केलेले बाळबोध लिप्यंतर. तिसरा, वरच्या कोर्टासाठी केलेले इंग्रजी भाषांतर, टाइप केलेले, खाली शिक्का. कॉलेजात जाणाऱ्या नातवाने ते वाचले आणि आजोबांना सांगितले, "ह्यात आपण कुळं आहोत म्हणून लिहिलंय."

मी पाहिले. मूळ कागदात जेथे 'मिरासदार' होते तेथे भाषांतरकाराने 'टेनंट' लिहिले होते. एकदा नव्हे, सहा वेळा.

आप्पांचा प्रश्न साधा होता. "आमी कुणाची कुळं, सर? पाटील-कुलकर्णी, सगळा गाव बसून लिहून दिलेलं आहे. मग कूळ कसं?"

मी वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, आता त्याने काही फरक पडत नाही, हक्क पुढच्या सरकारी नोंदींवर ठरेल, जुना कागद नुसता आधाराला जोडला आहे. कायद्याने ते बरोबरच असावे. आप्पांना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ पावसाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "त्येंना पडत नसंल."

त्या संध्याकाळी मी कबूल करून बसलो की योग्य शब्द शोधून देतो. एका शब्दाचे काम, रात्रीत होईल असे वाटले. एम. ए. ला इतिहास घेतला होता, मोडी अडखळत का होईना वाचता येते, घरी कोश आहेत. पण पुढचे तीन महिने माझ्या रविवारांना दुसरे काम उरले नाही. कारण हाच प्रश्न, याच शब्दासाठी, दोनशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या साहेबांना पडला होता आणि त्यांना तो सुटला नव्हता.

आधी मिरास म्हणजे काय ते पाहू. शब्द मुळात अरबी, अर्थ वारसा. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि इतका मुरला की तुकोबांच्या अभंगातही मिराशीचे शेत आहे. गावात शेत कसणारे दोन प्रकारचे: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराला काही ठिकाणी थळकरीही म्हणत. त्याची जमीन वंशपरंपरेची. तिचा ठरलेला सारा दिला की त्याला कोणी उठवायचे नाही. ती तो विकू शके, गहाण टाकू शके, लेकीला देऊ शके. दुष्काळाने, स्वारीने, कर्जाने गाव सोडून गेला तरी त्याचे नाव जमिनीवरून जात नसे; वर्षांनी त्याचा मुलगा-नातू परत आला आणि थकलेले देणे चुकते केले की जमीन त्याची. घराणेच बुडाले तर ती जमीन 'गतकुळी' म्हणायची, आणि गावाने बसून ती दुसऱ्याला मिरास करून द्यायची. तोच कागद म्हणजे मिरासपत्र. त्यावर पाटलाची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा, आणि 'लेकराचे लेकरी' खाऊन सुखाने राहावे असा आशीर्वादवजा मजकूर. आप्पांच्या कागदावरचा नांगर शाईने काढलेला, लहान मुलाने काढावा तसा आहे. पण ओळखू येतो.

उपरी म्हणजे वरून आलेला, बाहेरचा. तो कौलाने किंवा उक्त्या बोलीने जमीन करणार, मुदत संपली की त्याचा संबंध संपला.

आता गंमत अशी की पुष्कळ ठिकाणी मिरासदाराचा सारा उपऱ्यापेक्षा जड असे. पडीक जमीन लागवडीला यावी म्हणून उपऱ्याला सवलतीच्या दराने कौल मिळे. मिरासदार मात्र पूर्ण दर भरे. शिवाय काही भागांत दर तीन वर्षांनी मिरासपट्टी म्हणून वेगळा कर. तरीही मिरास सोडायला कोणी तयार नसे. गावच्या बैठकीत बोलण्याचा हक्क, गावठाणात घर, गायरानात वाटा, सणासमारंभात मान हे सारे मिराशीला चिकटलेले होते. हिशेबाच्या वहीत हे दिसत नाही. साहेबांची अडचण येथूनच सुरू झाली.

१८१८ साली पेशवाई बुडाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमचा बेळगावचा किल्ला थॉमस मन्रोने घेतला. नव्या मुलखाची व्यवस्था माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आली आणि ऑक्टोबर १८१९ मध्ये त्याने गव्हर्नर-जनरलला आपला प्रसिद्ध अहवाल पाठवला. त्यात जमीनधाऱ्याचे प्रकरण काढून वाचावे. एल्फिन्स्टन चाणाक्ष माणूस, मराठी मुलखात बरीच वर्षे काढलेला. तो आधी 'मिरासी' हा शब्द आपल्या कानाला ऐकू आला तसा इंग्रजी अक्षरांत लिहितो, मग त्याचे वर्णन करतो, आणि मग म्हणतो की येथले पुष्कळ रयत हे आपापल्या जमिनीचे मालक आहेत, ठरावीक कर देऊन. 'प्रोप्रायटर' हा शब्द त्याने घातला. मिरासदाराने देणे थकवले तरी निदान तीस वर्षांपर्यंत त्याला जमीन परत मागता येते, हेही त्याने नोंदवले आहे.

'प्रोप्रायटर' हा शब्द सोपा नव्हता. त्याला आधीचा इतिहास होता, आणि तो चांगला नव्हता. १७९३ साली बंगालात लॉर्ड कॉर्नवॉलिसने कायमधारा केला तेव्हा जमीनदारांना त्याने जमिनीचे खरे मालक ठरवले. जमीनदार हा बहुतांशी सारा वसूल करणारा; त्याच्या हाताखाली कसणाऱ्यांचे वेगवेगळ्या दर्जांचे जुने हक्क होते. एक इंग्रजी शब्द कायद्यात बसला आणि लक्षावधी कसणारे त्या मालकाची कुळे झाली. हे पाहून शहाणे झालेले अधिकारी पुढे 'मालक' शब्द वापरताना बिचकत. मन्रो त्यांतलाच. जमीनदार नकोत, सरकारने थेट रयतेशी बोलावे, हा त्याचा आग्रह. पण मिराशीबद्दल त्यालाही फारसे प्रेम नव्हते. मद्रासचा गव्हर्नर झाल्यावर त्याने लिहिलेल्या टिपणांत मिराशीचे मोल फार नाही असाच सूर आहे. तिकडे तमिळ मुलखातही मिरास होतीच. मद्रासचा कलेक्टर एलिस याने १८१८ साली त्या हक्कावर एक सबंध ग्रंथच लिहिला होता. म्हणजे कावेरीकाठचा आणि भीमाकाठचा शेतकरी एकाच शब्दाने आपला हक्क सांगत होता आणि इंग्रजांना दोन्हीकडे त्याचे भाषांतर जमत नव्हते.

आपल्याकडे मग चौकशांचा सपाटाच लागला. डॉक्टर कोट्सने पुण्याजवळच्या लोणी गावाचे घरवार वर्णन लिहिले. थळकरी आणि उपरी यांतला भेद त्यात येतो. पुण्याचा कलेक्टर रॉबर्टसन याने जुनी मिरासपत्रे गोळा केली. एल्फिन्स्टननंतर दख्खनचा कमिशनर झालेला चॅप्लिन (हा आधी धारवाडचा कलेक्टर, म्हणजे आमच्या बाजूचा) १८२२ साली लांबलचक अहवाल लिहून बसला. कर्नल साइक्सने १८३५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत दख्खनच्या जमीनधाऱ्यांवर निबंध छापला. हे सर्व लोक प्रामाणिकपणे शब्द शोधत होते. वाचताना मला त्यांची कीव येत नाही, उलट जवळीक वाटते. निबंधाच्या वहीत 'माहेर' शब्दाला इंग्रजी काय लिहावे म्हणून पेन चावत बसलेला विद्यार्थी आणि कंदिलाशी बसलेला चॅप्लिन यांत मला तरी फार अंतर दिसत नाही.

त्यांच्या हाताशी इंग्रजी शब्द कोणते होते? इंग्रजी जमीन-कायदा सरंजामशाहीतून आलेला. त्याच्या मते सगळी जमीन अखेर राजाची. बाकी सगळे ती 'धरून' आहेत. 'टेनंट' शब्दाचा मूळ लॅटिन धातूच 'धरणे' या अर्थाचा आहे. त्यामुळे इंग्लंडात ज्याला आपण पक्का मालक म्हणू, तो फ्रीहोल्डरसुद्धा कायद्याच्या पुस्तकात एका अर्थी टेनंटच. आपल्या भाषांतरकाराने हे जाणून 'टेनंट' लिहिले असते तर मी त्याच्या पाया पडलो असतो. पण तसे नव्हते. त्याने कोश उघडला, किंवा उघडलाही नाही. आणि वाचणाराही आज त्या शब्दाचा अर्थ भाडेकरू किंवा कूळ एवढाच घेणार. उपऱ्याला साहेब लोक 'टेनंट ॲट विल' म्हणत, म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीवर राहिलेला. ते ठीक बसते. मिरासदाराला त्याच नावाच्या खुंटीवर टांगले की मिरासपत्राचा अर्थच उलटा होतो.

मला सगळ्यांत जवळचा वाटला तो 'कॉपीहोल्ड'. जुन्या इंग्लंडात गावच्या जहागिरीचे एक कोर्ट असे, त्याच्या दप्तरात शेतकऱ्याच्या जमिनीची नोंद असे, आणि त्या नोंदीची नक्कल हाच त्याचा हक्काचा कागद. म्हणून नाव कॉपीहोल्ड. रिवाजाने वारसाकडे जाणारी, ठरलेले देणे देऊन निर्वेध राहणारी जमीन. १९२५ साल संपताच इंग्लंडातून हा प्रकार कायद्याने नाहीसा झाला. गावदप्तर, नक्कल, रिवाज, वारसा: मिराशीचे गोत्र यात पुष्कळ जुळते. पण एक गोष्ट जुळत नाही आणि ती मोठी आहे. कॉपीहोल्डर हा जहागीरदाराच्या जमिनीवरचा माणूस. मिरासदाराच्या डोक्यावर जहागीरदार नव्हता, त्याला जमीन देणारा होता तो गाव, आणि त्या गावात तो स्वतः बसलेला होता. असो. आप्पांच्या कागदावर 'कॉपीहोल्ड' लिहिले असते तर वरच्या कोर्टात कोणाला कळले असते!

आता कोशकारांकडे वळतो, कारण अडला हरी म्हणून मीही आधी तिकडेच धावलो. मराठीतून इंग्रजी शब्द शोधायचा म्हणजे अजूनही मोल्सवर्थ. जेम्स टॉमस मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी. कोवळ्या वयात हिंदुस्थानात आला, सोलापूरच्या छावणीत असताना स्वतःच्या सोयीसाठी मराठी शब्द टिपू लागला, आणि त्या टिपणातून सरकारी कोशाचे काम उभे राहिले. जॉर्ज व टॉमस कँडी हे जुळे भाऊ आणि शास्त्रीमंडळी त्याच्या जोडीला. १८३१ साली कोश निघाला, शब्द सुमारे चाळीस हजार. १८५७ ची दुसरी आवृत्ती साठ हजारांवर गेली, आणि १९७५ साली पुण्यात तिचे पुनर्मुद्रण झाले तेच माझ्या टेबलावर आहे. या कोशाची मला आवडणारी गोष्ट अशी की मोल्सवर्थ शब्दाला शब्द सापडला नाही म्हणून लाजत नाही. सापडला तर देतो. नाही तर सरळ वाक्यच्या वाक्य लिहून अर्थ समजावतो, वापर दाखवतो, कोठे बोलतात ते सांगतो. उष्टे, सोवळे, ओवाळणे असले शब्द काढून पाहावेत. 'उष्टे' या शब्दावर आमच्या वर्गात एकदा तासभर चर्चा झाली होती. मुलांनी 'लेफ्टओव्हर' सुचवले. पण ते तर उरलेले, शिळे. शेक्सपिअरच्या काळात 'ऑर्ट्स' असा एक शब्द होता, पानात टाकलेल्या उष्ट्याखरकट्याला. आता तो इंग्रजांच्याही तोंडी नाही. आणि असता तरी उष्ट्या हाताने डब्याला शिवू नकोस म्हणणारी आई त्यात कोठून येणार?

येथे आमच्या गावचा एक मनुष्य सांगितला पाहिजे. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा, म्हणजे मोल्सवर्थचा कोश निघाला त्याच वर्षीचा. 'यमुनापर्यटन'कार म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण कोशकार म्हणून फार थोडे. मोल्सवर्थचा तो अवजड ग्रंथ शाळकरी मुलांना परवडणारा नव्हता. पदमनजींनी १८६३ साली त्याचा संक्षेप करून दिला. इंग्रजी-मराठी कोशही त्यांनी केला. दोन भाषांच्या सीमेवर जन्मलेल्या माणसाला शब्दांची देवघेव अंगवळणी पडलेली असते, असे मला वाटते. आमच्या शाळेतली मुलेही मराठीतून सुरू केलेले वाक्य कानडीत संपवतात आणि मध्ये इंग्रजी क्रियापद पेरतात. मी रागावतो, पण मनातून मला त्याचे कौतुक आहे.

खुद्द कंपनीलाही या शब्दांचा त्रास इतका झाला की ऑक्सफर्डचे संस्कृतचे प्राध्यापक होरेस हेमन विल्सन यांनी न्यायखाते आणि महसूल यांतल्या देशी शब्दांचा भला मोठा संग्रह सिद्ध केला. तो १८५५ साली छापला. तोपर्यंत दख्खनच्या मिराशीचे व्हायचे ते होऊन गेले होते.

काय झाले ते थोडक्यात सांगतो. १८२७ च्या सुमारास पुणे भागात मोजणी सुरू करणारा प्रिंगल हा हेलीबरीच्या कॉलेजात नवे अर्थशास्त्र शिकून आलेला. जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याच्या ठरावीक हिश्शाइतका सारा लावायचा, असा त्याचा सिद्धांत. या गणितात जमिनीचा मगदूर आला, पीक आले, खर्च आला. जमीन मिराशीची की उपऱ्याची याला त्यात जागा नव्हती. प्रिंगलचा सारा डोईजड ठरला, मोजणी फसली, गावे ओस पडली. मग गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. हे दोघे व्यवहारी होते. सारा कमी केला, तीस वर्षांसाठी बांधून दिला, शेताशेताला नंबर दिला. पुढे विंगेट दक्षिण मराठा मुलखाच्या म्हणजे आमच्या धारवाड-बेळगावच्या मोजणीवरही होता. आज आपण 'सर्व्हे नंबर' म्हणतो त्याचा पाया त्या साखळ्यांनी घातला.

विंगेटपुढेही तोच प्रश्न: या नंबराच्या पुढे ज्याचे नाव लिहायचे त्याला म्हणायचे काय? 'प्रोप्रायटर' म्हटले तर सरकारचा हक्क जातो. 'टेनंट' म्हटले तर सरकार जमीनदार होते आणि रयत बिथरते. फ्रीहोल्डर, कॉपीहोल्डर हे इंग्लंडचे. तेव्हा या मंडळींनी एक सपाट शब्द उचलला, ज्याला ना इतिहास ना अभिमान: 'ऑक्युपंट'. जागा व्यापून बसलेला. कागदावर तो फार सोयीचा होता. मिरासदारही ऑक्युपंट, उपरीही ऑक्युपंट. सारा भरतो तो ऑक्युपंट. जमीन वारसाला जाते, विकता येते, नको तर वर्षअखेर सोडता येते. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात या शब्दाची रीतसर व्याख्या झाली. इनामाच्या, सारामाफीच्या जमिनींना 'एलियनेटेड' म्हणायचे ठरले. आपला 'दुमाला' शब्द. इंग्रजीत त्याचा अर्थ पाहिला तर परकी झालेली!

उपऱ्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. मिरास हा वरच्या पायरीवरच्याचा मान होता, आणि पायरी आली की खाली कोणी तरी उभा असणारच. पिढ्यान् पिढ्या एकाच गावात घाम गाळून उपरी तो उपरीच राहायचा. ऑक्युपंट या शब्दाने त्याला मिरासदाराच्या रांगेत आणून बसवले. त्याच्या घरी त्या दिवशी गोडधोड झाले असेल तर नवल नाही. आजही कोणाची मक्तेदारी मोडायची असली की आपण 'ही काय कोणाची मिरासदारी नाही' असे म्हणतो. तो उपऱ्याचा जुना राग भाषेत शिल्लक असावा. नव्या पिढीला तर मिरासदार म्हटले की द. मा. मिरासदार आठवतात आणि हसू येते, हेही एका परीने बरेच.

पण मिरासदाराचे काय गेले तेही पाहा. पूर्वी जमीन गहाण पडली, हातची गेली, तरी नाव राहायचे. परत मागता यायची. नव्या व्यवस्थेत जमीन हा विकण्याजोगा माल झाला, आणि नंबरापुढचे नाव एकदा खोडले की खोडले. सावकाराला हे लवकर कळले. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे जाळली त्याला कारणे अनेक होती: कापसाचे उतरलेले भाव, फेरपाहणीत वाढलेला सारा. पण जाळायला त्यांनी शोधून काढले ते कागदच.

'ऑक्युपंट'चे मराठी पुन्हा करावे लागले, ही या कथेतली सगळ्यांत विचित्र गोष्ट. मराठी शब्दाला इंग्रजी सापडेना म्हणून इंग्रजीत एक शब्द बसवला, आणि मग त्या इंग्रजी शब्दाला मराठी सापडेना! कब्जेदार झाले, भोगवटादार झाले. आज महाराष्ट्रातला सातबारा काढा, 'भोगवटादाराचे नाव' असे छापलेले असते. ज्याचा पणजा गावाने बसवलेला मिरासदार होता, तो आपल्याच शेताचा भोगवटादार.

'कूळ' या शब्दाचाही असाच फेरा झाला. कूळ म्हणजे मुळात घराणे. सरकारी दप्तरात सारा भरणारे घराणे. त्यांचा हिशेब ठेवणारा तो कुळकर्णी, आणि घरवार सारा घेण्याची पद्धत ती कुळवार. मिरासदार हाही अशा अर्थी कूळच होता, आणि त्यात कमीपणा नव्हता. पुढे 'टेनंट'ला मराठी हवे झाले तेव्हा तोच शब्द कामाला जुंपला. १९४८ चा मुंबईचा कायदा लोकांच्या तोंडी 'कूळ कायदा' झाला. आणि आमच्या सरहद्दीवर तर १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो आणि १९७४ साली जमीन सुधारणेचा दुरुस्त कायदा आला तेव्हापासून हा शब्द नुसता उच्चारला तरी घराघरांत वेगवेगळ्या आठवणी जाग्या होतात. कोणाला त्या शब्दाने जमीन मिळाली, कोणाची गेली; एकाच पंगतीला दोन्ही बसलेले असतात. आप्पांना 'टेनंट' का झोंबला ते मला येथे येऊन उमगले. एल्फिन्स्टन आणि चॅप्लिन त्यांच्या गावीही नव्हते. ते १९७४ चा शब्द वाचत होते.

शोधता शोधता गोव्याचीही एक गोष्ट हाती लागली. तेथे गावकऱ्यांची सामायिक जमीन, गावकरी म्हणतात ती. १५२६ साली अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्या रिवाजांची सनद लिहून काढली तेव्हा 'गावकर' हा शब्द त्याने पोर्तुगीजात तसाच घेतला, थोडा वाकवून 'गांकार' केला, आणि पुढे त्याचा खुलासा केला. पोर्तुगिजांनी पुढे जमिनीचे आणि लोकांचे काय केले ते वेगळे. पण शब्दापुरते बोलायचे तर तो मनुष्य एल्फिन्स्टनच्या तीन शतके आधी शहाणपणाने वागला.

मीही शेवटी तेच केले. एका रविवारी आप्पा नातवाला घेऊन घरी आले. आम्ही भाषांतर पहिल्या ओळीपासून नव्याने लावले. जेथे जेथे 'टेनंट' होते तेथे 'मिरासदार' हाच शब्द इंग्रजी अक्षरांत ठेवला आणि खाली चार ओळींची टीप दिली: वंशपरंपरेचा, विकता येणारा, ठरलेला सारा देऊन कोणी उठवू न शकणारा, आणि गावाने साक्षीनिशी दिलेला हक्क. 'हेरिटेबल' की 'हेरेडिटरी' यावर माझे आणि नातवाचे बरेच झाले. पोराचे इंग्रजी चांगले आहे. आप्पा मधूनच विचारत, "नांगर लिवला का?" नांगराची निशाणी आहे हेही मग टिपेत घातले. वकिलांनी ते कागद ठेवून घेतले. खटल्याची पुढची तारीख पडली आहे, नंतर आणखी एक पडेल.

टाइप करायला नातू बसला होता. मजकूर पुरा झाला तेव्हा पडद्यावर सगळीकडे मिरासदार या शब्दाखाली लाल रेघ उमटली होती. "सर, हा शब्द चुकलाय म्हणतंय," तो म्हणाला.

"राहू दे तसाच," मी म्हटले. आप्पांनी छापून आलेला कागद उलटसुलट करून पाहिला, त्यातला तो शब्द कोणता ते बोट ठेवून विचारून घेतले, आणि मग एकात एक अशा तीन पिशव्यांत तो नीट घालून ठेवला.